आ-कुनच्या नावाचा रांजण

सोनं शोधायला आलेल्यांतले किती जण परत गेले, असं एखाद्या नवख्याने विचारलं की लंगडा ल्याव शांतपणे सांगायचा, "गेले की. बहुतेक सगळे सोन्याच्या रांजणातून गेले." नवखा खूश व्हायचा. पंगतीतले जुने लोक मात्र खाली बघून भात गिळायचे. दूर दक्षिणेच्या बेटावर, मोंतेराडोच्या डोंगरातल्या खाणींवर सोन्याचा रांजण कशाला म्हणतात, ते त्यांना माहीत होतं. माणूस मेला की त्याला टेकडीवर पुरायचं, सात पावसाळे जाऊ द्यायचे, मग उकरून हाडं पुसायची आणि मातीच्या उंच रांजणात उकिडवी बसवून समुद्रापलीकडे त्याच्या गावी धाडायची. त्या रांजणाचं नाव सोन्याचा रांजण. आत सोन्याचा कणही नसतो. पण मेलेल्याच्या आईला काहीतरी बरं सांगावं लागतं, म्हणून कोणा शहाण्याने ते नाव पाडलं असणार.

हे हाडं काढायचं काम ल्याव करायचा. तो एखाद्या आजाऱ्याच्या चौकशीला गेला की आजारी माणूस धडपडत उठून बसायचा, बरा आहे म्हणून दाखवायला. ल्यावला त्याचं वाईट वाटत नसे. तो थोडा वेळ बसायचा, चहा प्यायचा आणि काठी टेकत निघून जायचा. त्याच्या झोपडीमागच्या पडवीत भरलेले रांजण ओळीने उभे असत, वारा फिरण्याची आणि गलबत सुटण्याची वाट बघत. पावसात पडवी गळायला लागली की तो आधी रांजणांवर चटया टाकायचा आणि मग स्वतःच्या अंथरुणाकडे बघायचा.

त्याची बायको निंगा वरच्या दायाक वस्तीतली, त्या डोंगरात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांतली. तिच्या लोकांचं त्या डोंगरावर राज्य होतं तेव्हा सोन्याला कुणी विचारत नव्हतं. ती थडग्यावर त्याच्यासोबत जायची, छत्री धरायची, कारण उघड्या हाडांवर ऊन पडू द्यायचं नसतं. आणि काम आटपलं की खड्ड्यातली माती लाकडी परातीत घेऊन ओढ्यावर धुवायला बसायची.

"अगं, मेलेल्याच्या उशाची माती ती," ल्याव चिडायचा.

"मग? तुमचा माणूस जन्मभर हेच शोधत होता. मरून त्याच्यावरच झोपला आणि त्याला पत्ता नाही. कुणाला तरी मिळू दे."

"आणि तो मागायला आला तर?"

"येऊ दे. तुझ्याकडे पाठवते. तुझी त्यांच्याशी ओळख आहे."

दोघांचं असं चालायचं. पण एक गोष्ट ल्यावने तिलाही सांगितली नव्हती. खाणीवर सगळे त्याला आ-लिन म्हणून ओळखत होते. ल्याव आ-लिन. ते त्याचं नाव नव्हतंच. आ-लिन हे त्याच्या थोरल्या भावाचं नाव. त्याचं स्वतःचं नाव आ-कुन, आणि ते नाव टेकडीवरच्या एका थडग्याच्या फळीवर लिहिलेलं होतं.

*

ल्याव जन्मला ते बैलाचं साल, दर बारा वर्षांनी फिरून येणारं. गावच्या ज्योतिष्याने त्याच्या आईला सांगितलं होतं, "पोरगा चोवीस वर्षांचा होईल तेव्हा बैलाचं साल दुसऱ्यांदा फिरून येईल. त्या सालात त्याला नावाने हाक येईल. त्याने ओ दिली की तो गेला." त्या दिवसापासून आईने त्याला लांबून हाक मारणं सोडलं. तो शेतात असला तर ती बांधावरून चालत यायची, खांद्याला हात लावायची आणि मगच बोलायची. गावातली पोरं चेष्टा करायची, की आ-कुनच्या आईला ओरडता येत नाही.

साल वाईट आहे म्हणून पोट थांबत नाही. डोंगराळ जमीन, दोन भाऊ, एक म्हैस. बैलाचं साल लागलं त्याच महिन्यात किनाऱ्यावरून गलबत सुटणार होतं. आईने दोघांच्या गळ्यात देवळातल्या अंगाऱ्याच्या लाल पिशव्या बांधल्या आणि थोरल्याला सांगितलं, "दोघं जाताय, दोघं परत या." थोरल्याच्या भुवईच्या वर हाडात एक खोक होती. लहानपणी म्हशीने लाथ मारली होती आणि आईने राख आणि कोळ्याची जाळी भरून ती जखम बांधली होती. निघताना तिने त्या खोकीवरून अंगठा फिरवला, तशी तिला सवयच होती.

गलबताच्या पोटात माणसं सुकत घातलेल्या मासळीसारखी ओळीने पडलेली. कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून. पाण्याला पिंपाचा वास. कोणी मेलं तर सकाळी चटईसकट वर नेत आणि ती जागा दुपारपर्यंत कोणी घेत नसे. संध्याकाळी घेत. जमीन दिसेनाशी झाली त्या दिवशी थोरला म्हणाला, "आजपासून तू आ-लिन. आ-कुन मी."

"कशाला?"

"हाक मारणारा कोणी असेलच, तर त्याला ओ मी देईन. तुला घाई फार. मी जरा विचार करून देईन."

"आणि त्याने तुलाच नेलं तर?"

"चुकीचा माणूस आणला म्हणून परत आणून सोडेल. तो काय कचेरीतला कारकून आहे, चूक कबूल न करायला?"

धाकटा हसला. सिंगकावांगच्या बंदरात उतरल्यावर नाव विचारणाऱ्याला दोघांनी उलटी नावं सांगितली. तिथून खाणीपर्यंत दलदल, चिखल आणि जळवा. चालताना थोरला अधूनमधून मागून हाक मारायचा, "आ-लिन!" आणि धाकट्याने वळून ओ दिली की मान डोलवायचा. सवय लागावी म्हणून.

खाण भागीदारीची होती, तिला कोंगसी म्हणत. एका लांबलचक घरात सगळ्यांचे फळ्यांचे बिछाने, मध्ये देवघर, मागे चूल. भात मात्र दिवसातून पाच वेळा आणि पोटभर. घरी वर्षानुवर्षं रताळी उकडून खाल्लेल्या पोरांना पहिले काही दिवस त्या भाताचंच सोनं वाटलं. मग पाय कुजायला लागले. पहाटे झांज वाजली की खड्ड्यात उतरायचं, माती कावडीत भरायची आणि खाचा पाडलेल्या खोडावरून वर चढायचं. वर लाकडी चर. माती त्यात टाकायची. बांधाचं पाणी सोडलं की माती वाहून जायची आणि जे जड ते तळाला राहायचं. तळाला काय राहिलं ते काही महिन्यांनी चर धुतला जाईपर्यंत कोणाला कळत नसे. तोवर माणसं नुसती माती वाहायची आणि आपण सोनं वाहतोय असं समजायची.

पावसाळ्यात एका दुपारी खड्ड्यात दोघंच खालच्या तोंडाला होते. बाकीचे वर चढत होते. पाऊस नुकता थांबला होता. खड्ड्याच्या पलीकडच्या कडेपाशी, उंच मातीच्या भिंतीखाली, कोणीतरी हाक मारली.

"आ-कुन."

मोठ्याने नाही. घरातल्या घरात मारावी तशी. दोघांनीही ऐकली. धाकट्याला त्या आवाजाची ओळख पटल्यासारखं वाटलं आणि त्याचं तोंड उघडलं. तेवढ्यात थोरल्याचा चिखलाने भरलेला तळहात त्याच्या तोंडावर घट्ट बसला. थोरल्याने त्याच्याकडे बघितलं. मग विचार करून, जसा म्हणाला होता तसाच विचार करून, त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"ओ. आलो," थोरला म्हणाला.

हात काढून तो चिखलातून पाय उचलत त्या कडेकडे गेला. तिथे कोणी नव्हतं. तो भिंतीखाली उभा राहून इकडेतिकडे बघत होता आणि वरची कड खाली आली. थोरला गाडला गेला. धाकटा त्याच्याकडे धावला, तर कोसळत्या मातीत त्याचा स्वतःचा पाय मोडला. वर चढणाऱ्यांना विचारलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की हाक कोणीच मारली नव्हती.

थोरल्याच्या थडग्याच्या फळीवर आ-कुनचं नाव लिहिलं गेलं. पुढच्या वाऱ्याने घरी निरोप गेला, तोही आ-कुन गेल्याचा. पाय वाकडा जुळलेल्या धाकट्याला कावड झेपेना, तेव्हा हाडं काढणाऱ्या म्हाताऱ्याने त्याला हाताशी घेतलं. म्हाताऱ्याने एक नियम पहिल्याच दिवशी सांगितला. माणूस दिसत नसेल आणि हाक आली, तर ओ द्यायची नाही. ल्यावला तो नियम शिकवायची गरज नव्हती.

कारण निरोप घरी पोचला असावा त्या सुमारापासून त्याला हाक येऊ लागली. रोज, दिवे लागायच्या वेळी, समुद्राच्या बाजूने. बाईचा आवाज. "आ-कुन, घरी ये." ज्या आईने त्याला जन्मात लांबून हाक मारली नव्हती, ती आता उंबऱ्यात बसून मेलेल्या पोराला बोलावत होती. मेलेल्याला हाक मारायला कसली भीती? ल्याव तेव्हा कुंपणापाशी उभा असायचा. ओठ गच्च मिटून. निंगा म्हणायची, "रोज संध्याकाळी काय दात दुखतात तुझे?" तो म्हणायचा, "हो."

*

बैलाचं साल पुन्हा फिरून आलं. नववर्षाच्या गलबताबरोबर फान आला. फान ल्यावच्याच गावचा, गलबतावरचा स्वैपाकी. दरवर्षी माणसं आणायचा आणि रांजण न्यायचा, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा निंगाच्या हातचं आंबवलेलं डुक्कर पोटभर खायचा.

"वहिनी, स्वतःच्या हातचं खाऊन माझी जीभ मेली. रांजणात घालायची वेळ आली."

"जीभ रांजणात जात नाही," निंगा म्हणाली. "हाड नसतं तिला. म्हणून तर इतकी चालते."

फानने भात संपवला, वाडगं ठेवलं आणि मग ल्यावकडे वळला. त्याचा चेहरा उतरला. "ल्याव भाऊ, तुमच्या आईला आता फारसं दिसत नाही. उंबरा सोडत नाही. रोज आ-कुन, आ-कुन. गावातल्या बायका दारं लावून घेतात त्या वेळेला. ती म्हणते, आ-लिनला सांग, आ-कुनला या वाऱ्याने पाठव. पुढचा वारा मी बघणार नाही. तो दारात आला की मी मरायला मोकळी."

ल्यावने त्याचं रिकामं वाडगं उचलून बाजूला ठेवलं.

"पाच वर्षं झाली उकरायची वेळ येऊन," फान म्हणाला. "सगळ्या जगाची हाडं पाठवता. सख्ख्या भावाचीच तेवढी मागे? गावात लोक काय वाट्टेल ते बोलतात."

खोटं नव्हतं. पाच वर्षं ल्याव चैत्रात त्या थडग्यावर जात होता आणि पाच वर्षं भाऊ नाही म्हणत होता. उकरण्याआधी मेलेल्याला विचारावं लागतं. नावाने हाक मारायची, ऊठ म्हणायचं, आणि बांबूच्या मुळाचे दोन अर्धचंद्री तुकडे टाकून कौल लावायचा. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार, आणि माती पुन्हा सारखी करायची. फळीवर नाव काहीही असो, खाली थोरला आहे हे ल्यावला माहीत होतं. म्हणून निंगाला दूर उभी करून तो हळूच खऱ्या नावाने विचारायचा, "आ-लिन दादा, घरी जायचं ना?" आणि दोन्ही तुकडे पालथे पडायचे. दरवर्षी.

याही वर्षी तो गेला. तुकडे पालथे पडले. पुन्हा टाकले, पुन्हा पालथे. टेकडीवर सकाळचं ऊन होतं, पण त्या तुकड्यांखालची माती त्याला गार लागली.

निंगा छत्री टेकवून त्याच्याजवळ आली. "फळीवर आ-कुन लिहिलंय असं तुम्ही सगळे म्हणता. तू तर दुसरंच काहीतरी पुटपुटतोस. फळीवरच्या नावाने का नाही विचारत?"

"ते माझं नाव आहे," ल्याव म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. थडग्याशेजारी बसून, गलबतापासून खड्ड्यापर्यंत. निंगा मध्ये एकदाही बोलली नाही, आणि ते तिच्या स्वभावात नव्हतं.

"मी या नावाने हाक मारली तर कोण उठेल, मला माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "बैलाचं साल आहे. कदाचित मीच उठेन."

"मग तूच जा ना घरी. जिवंत. आईसमोर जाऊन बस."

"आई आंधळी झाली तरी मला ओळखेल. ओळखलं की तोंडातून नाव निघेल. आणि आईने हाक मारल्यावर माझ्याने ओ दिल्याशिवाय राहवणार नाही. मग ज्याला दादाने फसवलं, त्याला कळेल."

निंगाने थडग्याकडे बघितलं. "आमच्याकडे पोर फार आजारी पडलं की त्याचं नाव बदलतात. मग जुन्या नावाने घरातलं कुणी, शेजारचं कुणी, चुकूनसुद्धा हाक मारत नाही. मारली तर त्या माणसाला वस्ती बोलणं बंद करते." तिने फळीवरची माती झटकली. "तुझा भाऊ शहाणा होता. तुझं नाव पांघरून झोपलाय. आणि तू दरवर्षी येऊन ते ओढून काढायला बघतोस. तो हो कसा म्हणेल? तो आ-लिन म्हणून उठला, तर मग आ-कुन कुठे आहे, असं कुणीतरी विचारणार नाही का?"

ल्याव तिच्याकडे बघतच राहिला. पाच वर्षं त्याला वाटत होतं की भाऊ त्याच्यावर रागावलाय. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा वर गेले. दारूची सुरई, कोरी फडकी, शेंदूर, नवा रांजण. निंगा थडग्याच्या पायाशी उभी राहिली. नियम असा, की एकाने हाक मारायची आणि सोबतच्याने मेलेल्याच्या वतीने ओ द्यायची. एरवी ती ओ देताना निंगाचं लक्ष ओढ्याकडे असायचं. आज तिने दोनदा विचारलं, "मी काय म्हणायचं? ओ, आलो. एवढंच ना?"

ल्यावने गुडघे टेकले. बारा वर्षांत त्याने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"आ-कुन," तो म्हणाला. "ऊठ. घरी जायचंय. आई वाट बघते."

टेकडीवरच्या किड्यांची किरकिर एकदम बंद पडली. आणि त्याला जाणवलं की आपलं तोंड उघडतंय. आपण ओ देणार. स्वतःच मारलेल्या हाकेला, आतून, पोटातून, जशी लहानपणी जेवणाच्या वेळी दिली असती तशी. ओ घशापर्यंत आली होती. तेवढ्यात एक ओला, मातीने भरलेला तळहात त्याच्या तोंडावर घट्ट बसला.

"ओ. आलो," निंगा म्हणाली.

तळहात निघाला. किडे पुन्हा ओरडू लागले. ल्यावने कौल टाकला. एक उताणा, एक पालथा.

तो ओठांवरची माती पुसत मागे वळला. "बरं झालं तोंड धरलंस."

"मी?" निंगा पायाशीच उभी होती, आठ हातांवर. वाऱ्याने उलटू बघणारी छत्री तिने दोन्ही हातांनी धरली होती. "मी इथून हलले नाही."

मग दोघांनी काम हातात घेतलं. ल्यावने पायाच्या हाडांपासून सुरुवात केली, कारण माणूस रांजणात उकिडवा बसवायचा तर पाय खाली लागतात. दारूने पुसायचं, शेंदराचा ठिपका द्यायचा, आत ठेवायचं. हाडं त्या मातीत पिवळी पडली होती. कवटी शेवटी. ती पुसताना त्याच्या अंगठ्याला भुवईवरची खोक लागली आणि तो थबकला. आईचा अंगठा किती वेळा फिरला असेल इथून. मग त्याने मनाची समजूत घातली. आईला आता दिसत नाही, आणि बंद रांजण कोणी उघडत नाही. त्याने झाकण चुन्याने बंद केलं आणि वर नाव लिहिलं. आ-कुन.

त्या दिवशी निंगाने परात आणली नव्हती.

बंदरापर्यंत वाटेत ओंडक्यांचे पूल, ओढे, खाडीवरची होडी. प्रत्येक पाण्यापाशी थांबून मेलेल्याला सांगावं लागतं, नाहीतर तो अलीकडेच राहतो. "आ-कुन, पूल आला, माझ्यामागून ये." आणि निंगा मागून, "ओ, आलो." पहिल्या एकदोन पुलांवर ल्यावचा आवाज कापत होता. पुढे त्याच्या ध्यानात आलं की पाठीवरचा रांजण फार हलका लागतोय. आणि निंगाची ओ आणि चिखलातली पावलं यांचं गणित जमत नव्हतं. ती एकटी चालत होती आणि मागे दोघांच्या चालण्याचा आवाज येत होता. त्याने वळून बघितलं नाही. त्याला भीती वाटत होती, पण खोटं कशाला सांगा, सोबतही वाटत होती.

फानने रांजण गलबतावर घेतला, चटईत गुंडाळला आणि दोरीने बांधला. "समुद्रात मी हाक मारीन, काळजी करू नका. माझा आवाज ऐकून मेलेला काय, मासासुद्धा वर येतो." मग तो रांजणाकडे वळून म्हणाला, "आ-कुन, चढ गलबतावर."

ल्यावचा वाकडा पाय आपणहून गलबतावर चढायच्या फळीवर पडला. निंगाने मागून त्याच्या सदऱ्याला धरलं आणि गलबत दूर जाईपर्यंत सोडलं नाही.

*

घरी परतल्यावर संध्याकाळची हाक येतच राहिली. रांजण अजून समुद्रावर होता. ल्याव कुंपणापाशी उभा राहायचा, ऐकायचा. आता त्याला तिची तेवढी भीती वाटत नव्हती. कधी कधी आवाज बसलेला असायचा, तेव्हा तो म्हणायचा, आज आईला खोकला झालाय.

सातव्या महिन्यात एका संध्याकाळी हाक आली नाही.

त्याने अंधार पडेपर्यंत वाट बघितली. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे रांजण पोचला. आईचा आ-कुन घरी आला, तिचं बोलावणं संपलं. चांगलंच झालं की. पण ल्यावला जेवण जाईना. एवढ्या वर्षांत जगात एकच माणूस त्याला त्याच्या नावाने बोलावत होतं, तेही आता गप्प झालं. पडवीत त्या मोसमात एकच रांजण होता. त्याच्याशी तो पूर्वी दोन शब्द बोलायचा, तेही बंद केलं. निंगा म्हणाली, "दात बरे झाले वाटतं." मग त्याचा चेहरा बघून तिने शेजारी बसून सुपारी कातरली आणि त्याला दिली.

बैलाचं साल संपलं. वाघाचं लागलं. गलबत आलं आणि फान आला. या वेळी त्याने आल्याआल्या खायला मागितलं नाही.

"ल्याव भाऊ, तुमची आई गेली. बैलाचं साल संपायला थोडेच दिवस राहिले होते तेव्हा."

ल्यावने मान हलवली. "रांजण बघितला तिने?"

"बघितला म्हणजे... तेच सांगायचंय." फानने निंगाकडे पाहिलं, तिने चहा पुढे केला. "म्हातारीने ऐकलंच नाही. म्हणाली, झाकण काढा. सगळे म्हणाले, असं करत नाहीत. तिने स्वतःच काठीने चुना फोडला आणि हात आत घातला. कवटी चाचपली. इथे, भुवईवर, अंगठा ठेवून बसली. किती वेळ बसली, विचारू नका. मला वाटलं, गेली की काय."

ल्यावने हातातला चहा खाली ठेवला.

"मग?" निंगाने विचारलं.

"मग काय, हात बाहेर काढला. म्हणाली, झाका. माझा आ-कुनच आहे. मोठ्याने म्हणाली, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. पुरेपर्यंत तीनतीनदा सांगत होती, माझा आ-कुन मेला, माझा आ-कुन मेला. जसं कोणी खोटं म्हणत होतं. आणि त्या दिवसापासून तिने ते नाव पुन्हा घेतलं नाही. उंबऱ्यात बसायची, पण गप्प. शेवटच्या तापात बायका म्हणाल्या, पोरांना हाक मार, बरं वाटेल. तर बाही तोंडात कोंबली, पण हाक मारली नाही."

फानने नाक पुसलं.

"माझ्याजवळ निरोप दिलाय, तुमच्यासाठी. मला काही कळला नाही. म्हणाली, आ-लिनला सांग, त्याच्या धाकट्याला आता कोणीही हाक मारणार नाही. मीसुद्धा नाही. आणि चुकून आलीच, माझ्या आवाजात आली, तरी त्याने ओ द्यायची नाही." त्याने चहाचा घोट घेतला. "मेलेल्याने कुठे ओ द्यायची असते? म्हातारपणी डोकं असं होतं."

"होतं," निंगा म्हणाली. "तुम्ही जेवायला बसा."

ल्याव उठला आणि काठी न घेताच कुंपणापर्यंत गेला. दिवे लागायची वेळ झाली होती. समुद्राच्या बाजूने वारा येत होता, आणि वाऱ्यात काहीही नव्हतं. त्याने स्वतःचा तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला आणि अंधार पडेपर्यंत तो तसाच उभा राहिला.